मुंबईत सरप्राइज प्रपोजल शूट करताना: जागा, उजेड, भरती आणि कुठला गुडघा

गुडघा टेकणं, डबी उघडणं, तिचे हात तोंडावर जाणं, होकार, अंगठी, मिठी. सगळं मिळून जेमतेम मिनिटभर. साखरपुड्यात गुरुजींना थांबवता येतं, ‘फोटोसाठी पुन्हा एकदा घाला’ म्हणता येतं, मध्ये आलेल्या आत्याला बाजूला घेता येतं. इथे यातलं काहीच चालत नाही, आणि दोघांपैकी एकाला आपण फोटोग्राफर तिथे आहोत हेच ठाऊक नसतं. त्यामुळे या कामातली पाऊण मेहनत आदल्या दोन-तीन दिवसांत होते. ती झाली नसेल तर महागडी लेन्स घेऊन उभं राहूनही हाती लागते ती एका माणसाची पाठ.

खाली मुंबई धरून सगळी रीत दिली आहे. सोयीसाठी विचारणारा ‘तो’ आणि जिला विचारायचं ती ‘ती’ असं लिहिलंय. उलट असेल तर उलट वाचा.

पहिल्या फोनवर काय विचारायचं

सगळ्यात आधी हे: लग्नाचा विषय दोघांत कधी निघालाय का? सरप्राइज दिवसाचं आणि जागेचं असावं, लग्नाचं नसावं. उत्तर ‘नाही, पण ती नाही म्हणणार नाही’ असं आलं तर मरीन ड्राइव्हच्या गर्दीत विचारू नकोस, घरी किंवा शांत जागी विचार, असं स्पष्ट सांगा. पन्नास अनोळखी माणसं फोन उगारून उभी असताना ‘मला वेळ हवाय’ म्हणणं कुणालाही जड जातं. एक शूट हातचं गेलं तरी चालेल.

मग व्यवहाराचे प्रश्न. दोघांची उंची किती, तो डावखुरा आहे का, ती चष्मा लावते का, गर्दीत अवघडते का. अंगठीच्या डबीचा फोटो मागवा. काही डब्या वर उघडतात, काही आडव्या. अंधुक उजेडात घाबरलेल्या हातांनी डबी उलटी उघडली जाणं हा नेहमीचा घोटाळा आहे. घरी वीस वेळा उघडून बघायला सांगा आणि बिजागरीच्या बाजूला अंगठ्याला जाणवेल असा चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायला सांगा.

गुपित फुटतं ते जवळपास नेहमी फोनवरून. तुमचा नंबर त्याने ‘फोटोग्राफर’ या नावाने ठेवू नये. ‘सोसायटी प्लंबर’ चालेल. व्हॉट्सअॅपचा प्रिव्ह्यू बंद हवा. मनगटावर स्मार्टवॉच असेल तर तेही आठवा, आणि गाडीचा स्क्रीन फोनला जोडलेला असेल तर ‘मी पोझिशनला आहे’ हा तुमचा मेसेज गाडी मोठ्याने वाचून दाखवते. पैसे जॉइंट खात्यातून पाठवू नयेत.

जागा

मुंबईचा पश्चिम किनारा म्हणजे संध्याकाळ. पण कुठूनही सूर्य समुद्रात बुडताना दिसतो असं नाही. गिरगाव चौपाटीवरून तो मलबार हिलच्या मागे जातो, म्हणजे घड्याळातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी उजेड संपतो. तिथून नरिमन पॉइंटकडे जाल तसं क्षितिज मोकळं होतं. मरीन ड्राइव्हच्या मधल्या भागात तर ऋतूप्रमाणे फरक पडतो: हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे सरकलेला असल्याने समोर मोकळा समुद्र मिळतो, मे-जूनमध्ये तो वायव्येकडे टेकडीवर उतरतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाच्या आसपासचा टोकाचा भाग बाराही महिने सुरक्षित.

वेळेचा अंदाज असा: नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या पुढे. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे संधिप्रकाश झटपट आटपतो. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत निळाई संपलीच. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक गोष्ट होते. धुरक्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच फिकट होऊन विरून जातो. घड्याळातल्या वेळेवर भिस्त ठेवली तर केशरी रंग निघून गेलेला असतो. पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर या बाबतीत सगळ्यात चांगला. हवा धुतलेली असते.

गेट वे ऑफ इंडिया (१९२४ साली खुला झाला) पूर्वेकडे बंदराकडे तोंड करून उभा आहे, म्हणून ती सकाळची जागा. डिसेंबरात सूर्योदय सातच्या जरा पुढे होतो. जोडप्याच्या मागे कमान आणि तुमची पाठ समुद्राकडे, असं उभं राहिलं तर कोवळं ऊन थेट चेहऱ्यांवर येतं. आठनंतर गर्दी आणि कबुतरं दोन्ही आवरत नाहीत. इथे खरी अडचण प्रवेशाची. आत जाताना बॅग तपासतात, आणि सुरक्षारक्षकाने तिच्यासमोरच डबी उघडून ‘ये क्या है?’ विचारलं की खेळ खलास. अंगठी आधी आत गेलेल्या मित्राकडे ठेवा. शिवाय तिथे झटपट प्रिंट काढून देणारे फोटोग्राफर वर्षानुवर्षं धंदा करतात. गळ्यात मोठा कॅमेरा घालून तुम्ही शिरलात की ते विचारणारच. आधीच जाऊन नीट बोलून घ्या. ऐन वेळी तेच तुमच्यासमोरची वाट मोकळी ठेवतात.

हॉर्निमन सर्कलसमोरच्या १८३३च्या टाऊन हॉलचं, म्हणजे एशियाटिक लायब्ररीचं, तोंड पश्चिमेला आहे. सकाळी पायऱ्यांवर सावली असते आणि उजेड मऊ, सारखा येतो. नवशिक्याला हीच जागा सोपी. रविवारी सकाळी मात्र प्री-वेडिंगवाल्यांची रांग लागते. शेजारच्या बॅलार्ड इस्टेटचे रस्ते त्याच वेळी रिकामे असतात आणि तिथली दगडी इमारतींची रांग मागे सुंदर दिसते.

वांद्र्याच्या किल्ल्यावरून सी लिंक दक्षिणेकडे दिसतो. संध्याकाळी सूर्य उजव्या हाताला येतो, चेहऱ्यांना बाजूचा उजेड मिळतो. हिवाळ्यात तो फ्रेमच्या बराच जवळ सरकतो, लेन्सला हूड हवंच. किल्ला बंद व्हायची वेळ आदल्या दिवशी गेटवर विचारून ठेवा, नाहीतर शिट्टी वाजवत बाहेर काढतात.

समुद्राजवळची कुठलीही जागा असली तरी भरती-ओहोटी बघायलाच हवी. कोकणात चालत आलेला हिशेब इथेही लागू पडतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास उधाण आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी. पण तारीख ठरवताना हा आकडा तोंडपाठ असलेला बरा. बँडस्टँडला पौर्णिमेची संध्याकाळ निवडलीत तर मागे समुद्राऐवजी काळे, शेवाळलेले खडक, अडकलेलं प्लॅस्टिक आणि वास मिळेल. सप्तमी ते नवमीच्या भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीला पाणी शांतपणे वर आलेलं असतं. पावसाळ्यात उलट काळजी: साडेचार मीटरच्या वरची भरती आणि वारा एकत्र आले की मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून लाटा रस्त्यावर येतात. टेट्रापॉडवर, म्हणजे कट्ट्याबाहेरच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कुणालाही उतरवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

तारीख नक्की करण्यापूर्वी एवढे दिवस वगळा: गणेश विसर्जनाचे दिवस, जानेवारीत मॅरेथॉनचा रविवार, नौदल दिनाच्या (४ डिसेंबर) आगेमागे गेट वे, ३१ डिसेंबर, आणि सुट्टीतली कुठलीही रविवार संध्याकाळ. मंगळवार-बुधवार उत्तम.

परवानगीचं थोडक्यात. हातात एक कॅमेरा घेऊन उभ्या माणसाला मरीन ड्राइव्हला सहसा कुणी हटकत नाही. ट्रायपॉड, लाइट स्टँड, रिफ्लेक्टर दिसला की ‘परमिशन दाखवा’ सुरू होतं. दिव्यांची अक्षरं, गालिचा, फुलांची कमान मांडायची तर पालिकेचं वॉर्ड ऑफिस आणि स्थानिक पोलीस ठाणं दोन्हीकडे आधी जावं लागेल. रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची वेगळी परवानगी. ड्रोनचा विचार सोडून द्या. कुलाब्याला नौदलाचा तळ आहे, आणि मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर निघत असतात.

कोण कुठे, कुणाचं तोंड कुठे

लेखातला हा भाग त्याला जसाच्या तसा पाठवलात तरी चालेल. मरीन ड्राइव्ह धरून बोलू.

बहुतेक मुलगे तिला कट्ट्याला टेकवून उभं करतात आणि स्वतः समुद्राकडे तोंड करून गुडघ्यावर बसतात. यात त्याचा चेहरा उजेडात येतो आणि तिचा अंधारात. फोटोत बघायचा असतो तिचा चेहरा. म्हणून उलट करा: त्याची पाठ कट्ट्याकडे, तिचं तोंड समुद्राकडे. मावळतीचा उजेड थेट तिच्यावर पडतो, तो खाली बसल्यावर तिच्यासमोरचा अडथळाही जातो, आणि ‘बघ ना सूर्य’ म्हणायला निमित्त आयतंच.

तुम्ही कट्ट्याच्याच कडेने नरिमन पॉइंटच्या बाजूला १२ ते १५ मीटरवर थांबा, तोंड चौपाटीकडे. दोघंही बाजूने दिसतात, मागे किनाऱ्याचा वळसा, आणि नंतर दिवे लागले की राणीचा हार तिथेच उजळतो. कट्ट्यापासून अर्धा मीटर पुढे उभे राहा. चिकटून राहिलात तर मधे बसलेल्यांची डोकी फ्रेममध्ये येतात. चालणारे लोक फुटपाथच्या मधून जातात, त्यामुळे ही कडेची रेषा त्यातल्या त्यात मोकळी असते. तुमच्या मागे एसी हॉटेल आहे की वडापावची गाडी, याने काही बिघडत नाही.

आता गुडघा. कॅमेऱ्याकडचा गुडघा जमिनीला, पलीकडचा वर. उलटं झालं तर पुढे आलेली मांडी छाती, हात, डबी सगळं झाकते. वरच्या मांडणीत तुम्ही त्याच्या उजव्या हाताला आहात, म्हणजे उजवा गुडघा खाली. डबी डाव्या हातात धरून उजव्याने उघडायची आणि उजवा हात लगेच खाली घ्यायचा. डबी छातीच्या उंचीवर. तोंडासमोर धरली तर ओठ दिसत नाहीत. दोघांत एक हात अंतर. फार जवळ बसला तर तिला मान पूर्ण खाली घालावी लागते आणि फोटोत केसच केस येतात.

आणि पाच सेकंद थांबायचं. अंगठी घालण्याची घाई करू नये, तिला बोलू द्यावं. घालून झाल्यावर उठून मिठी मारावी, तीही सोडण्याची घाई नको. या दोन थांब्यांतच फोटो मिळतात.

डबी कधीही कट्ट्याच्या बाहेर धरू नये. टेट्रापॉडच्या फटीत गेलेली अंगठी परत येत नाही.

नेमकी जागा कशी दाखवायची

गूगल मॅप्सची पिन पाठवून भागत नाही. ती पंधरा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवते. दिव्याचा खांब धरा. तुमच्या जागेवरून फोटो काढा, त्यावर बाण करून ‘तू इथे, ती इथे’ लिहा आणि पाठवा. शक्य असल्यास आदल्या दिवशी त्याच वेळेला दोघंही तिथे भेटा आणि एकदा गुडघा टेकून घ्या. लाजतात, पण टेकवून घ्याच.

मुंबईत रिकामी जागा दोन मिनिटं टिकत नाही. म्हणून जागा धरून बसायला एक मित्र लागतो, ट्रेनमध्ये रुमाल टाकावा तसा. जोडपं पंधरा-वीस पावलांवर आलं की तो सहज उठतो आणि विरुद्ध बाजूला निघून जातो. तिच्या ओळखीचा मित्र नको.

खुणा दोन. तुमची पाठीवरची सॅक खाली ठेवलेली असेल तर ‘तयार, विचार’. खांद्यावर असेल तर ‘थांब, कुणीतरी मधे आहे’. त्याची खूण म्हणजे गॉगल डोक्यावर सरकवणं: आता दहा सेकंदांत. फोनवर काही ठरवू नका, त्या क्षणी तो फोन बघत नाही.

लपायची पद्धतही सांगतो. झाडामागे उभा राहून टेली लेन्स रोखणारा माणूस संशयास्पदच दिसतो. एक डमी घ्या, सोबतची मैत्रीण किंवा असिस्टंट. तिचे फोटो काढत राहा, सूर्यास्ताला आलेल्या शेकडो लोकांसारखे. वेळ आली की डमी एक पाऊल बाजूला, कॅमेरा तोच, दिशा तीच. साधे कपडे घाला.

कॅमेरा

७०-२०० एमएमची एफ २.८ झूम लेन्स मुख्य. फुल फ्रेमवर १५ मीटरवरून १३५ एमएमला साधारण ४ मीटर रुंद, २.७ मीटर उंच चौकट मिळते. उभी ती आणि बसलेला तो दोघंही ऐसपैस बसतात. २०० एमएमला उंची १.८ मीटरवर येते, त्यामुळे आडव्या फ्रेममध्ये उभ्या माणसाचे पाय किंवा डोकं कापलं जातं. सुरुवात १३५ ला, अंगठी घालताना २०० ला, तेही उभा कॅमेरा धरून. १३५ ला एफ २.८ वर या अंतरावर जवळपास दोन मीटर खोली शार्प राहते, दोघं मागेपुढे झाले तरी चालतं. २०० ला ती मीटरभरावर येते, तेव्हा एफ ४ करा.

शटर १/६४०, आयएसओ ऑटो, कमाल ६४००. आकाश चमकदार असल्याने कॅमेरा चेहरे काळे करतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. फोकस कंटिन्यूअस, आणि फेस डिटेक्शन लावून तिच्यावर लॉक. नुसतं ऑटो सोडलंत तर मधून जाणाऱ्या चणेवाल्याचा चेहरा कॅमेऱ्याला जास्त आवडतो.

बर्स्टचा, म्हणजे सलग फ्रेम्स झाडण्याचा, मोह आवरा. सेकंदाला दहा रॉ फ्रेम्सनी सुरुवातीपासून बोट दाबून धरलं तर मिठीच्या वेळी नेमका बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा गप्प होतो. डबी उघडताना दोन सेकंद, सोडा, प्रतिक्रिया तीन सेकंद, सोडा, होकार, सोडा. दोन कार्डांवर एकाच वेळी सेव्ह करा. अंधार पडल्यावर एलईडी दिव्यांखाली सायलेंट शटर वापरू नका, फ्रेमवर पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मेकॅनिकल शटर आणि १/१०० सुरक्षित.

मुंबईतला खास त्रास म्हणजे लेन्सवर धरणारं धुकं. एसी गाडीतून कॅमेरा दमट हवेत काढला की काच पंधरा-वीस मिनिटं आंधळी होते, पुसून उपयोग नाही. शेवटचा अर्धा तास एसी बंद ठेवा किंवा लवकर पोहोचून कॅमेरा बॅगेतच हळूहळू गरम होऊ द्या. लाटांचे तुषार सुकले की मिठाची पुटं राहतात. घरी आल्यावर बॉडी ओलसर कापडाने पुसा.

दुसरा माणूस असेल तर त्याला ३५ एमएम देऊन फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला ठेवा. नसेल तर जागा धरून बसलेल्या मित्राला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा. आवाज हवा असेल तर विचारणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात रेकॉर्डर चालू ठेवलेला दुसरा फोन. समुद्राच्या वाऱ्यात लांबून काही ऐकू येत नाही.

दिवसाचं वेळापत्रक

डिसेंबरच्या मध्याचं उदाहरण घेऊ, सूर्यास्त ६ वाजून ४ मिनिटांच्या आसपास. तुम्ही साडेचारला जागेवर. पाचला मित्र जागा धरतो, खांबाचा फोटो पुन्हा पाठवायचा. सव्वापाचला डमीसोबत चाचणी. जोडप्याला सांगितलेली वेळ ५.२०, प्रश्नाची वेळ ५.३५. तो ‘सूर्य बुडताना विचारतो’ म्हणेल, नाही म्हणा. पेडर रोडवर वीस मिनिटं अडकले तरी उजेड शिल्लक राहील, आणि नाही अडकले तर नंतरच्या फोटोंना सोनेरी उजेड मिळेल.

उशीर झाला, सूर्य गेला, तर निळाईत काढा: एफ २.८, १/१६०, आयएसओ ६४००. ग्रेन येईल, येऊ द्या. पाऊस आला तर दुसरी जागा आधीच ठरलेली हवी, छपराची. कमानी असलेले फोर्टमधले पदपथ रात्री आठनंतर बऱ्यापैकी रिकामे होतात.

गर्दी जमते, टाळ्या पडतात, ते छान. पण लोक फोन उगारून तुमच्या आणि त्यांच्या मधे येतात. तेव्हा लपणं सोडा आणि सरळ पुढे जा. गुलाबवाली मुलं तिला घेरायची शक्यता असते. मित्राने आधीच चार गुलाब विकत घेऊन त्यांना दुसरीकडे वळवावं.

आणि नकार आला तर शेवटचा फ्रेम तिथेच थांबवा. कॅमेरा खाली, पाठ फिरवा, निघून जा. जवळ जाऊ नका, रात्री मेसेज नको. दुसऱ्या दिवशी त्याला विचारा, फाइल्स हव्यात की पुसायच्या.

नंतरचा अर्धा तास

होकारानंतर तीन-चार मिनिटं दोघांना एकटं सोडा. ती घरी फोन लावेल, रडेल, मस्कारा नीट करेल. मग ओळख करून द्या आणि आधी अंगठी घ्या, कारण हाच फोटो सगळ्यांना लगेच हवा असतो. ८५ एमएम, एफ ५.६, त्याहून उघडलं तर खडा शार्प आणि पट्टी धूसर. दमट हवेत बोटं सुजतात, अंगठी पेरावर अडते. ओढू नका, हात खाली सोडण्याऐवजी मिनिटभर वर धरायला सांगा. नाहीच गेली तर अर्ध्यावरचाच फोटो दुसऱ्या बाजूने घ्या.

मग चालणं, कट्ट्यावर पाठमोरं बसणं, एका कपातली कटिंग. काळी-पिवळी टॅक्सी हवी असा हट्ट बरेच जण धरतात. त्यांच्या डोक्यातली पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली हे आधीच सांगा. आताच्या काळ्या-पिवळ्या गाड्यांचा पिवळा टप मागे धूसर ठेवला तरी शहर कळतं. दिवे लागल्यावर व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास हाताने लावा, म्हणजे आकाश निळं राहतं आणि चेहरे पिवळे पडत नाहीत.

त्याच रात्री चार-पाच फोटो हलकेच एडिट करून पाठवा. तुमच्या पेजवर मात्र दोघांचा, वेगवेगळा विचारून घेतलेला होकार येईपर्यंत काही टाकू नका. तिच्या आजीला अजून सांगायचं असतं, त्याचा काका नाशिकला आहे, साखरपुड्याची तारीख ठरायची आहे. बातमी स्टेटसवरून कळली म्हणून रुसलेले नातेवाईक त्या तारखेपर्यंत रुसलेलेच राहतात, आणि साखरपुड्याचं काम बहुधा तुम्हालाच मिळणार असतं.